पाइनच्या सावलीतला अटलांटिकचा किनारा : आपापले अनुभव लिहावेत

तिन्हीसांज

मागच्या रविवारी माझ्या मुलीने तैलरंगांची जुनी पेटी बाहेर काढली. टर्पेंटाईनच्या बाटलीचे बूच निघताच खोलीत जो वास पसरला, त्याने मला पुण्यातल्या घरातून उचलून थेट कोंतीच्या वाटेवर नेऊन सोडले. चित्रकारांचे खरे टर्पेंटाईन पाइनच्या चिकापासून काढतात आणि नैऋत्य फ्रान्समधल्या लांद प्रदेशाच्या कित्येक पिढ्या त्या चिकावर जगल्या, हे मला तिथे राहायला जाईपर्यंत ठाऊक नव्हते.

आम्ही 2011 ते 2015 बोर्दोला होतो. तिथून गाडीने साधारण दीड तासावर कोंती नावाचे लहानसे गाव आहे, जिथे 1863 सालचा, काळ्यापांढऱ्या पट्ट्याने वेढलेला दीपस्तंभ पाइनच्या शेंड्यांवर डोके काढून उभा आहे. गावाजवळच्या गर्दीत न थांबता आम्ही जंगलातून थोडे पुढे जात असू. गाडी झाडाखाली लावायची आणि वाळूच्या पायवाटेने चालू लागायचे. त्या वाटेवर सुयांसारख्या वाळक्या पानांचा इतका जाड थर असतो की आपल्याच पावलांचा आवाज आपल्याला येत नाही. उन्हाने तापलेली पाइनची बोंडे मात्र वर टक् टक् करून उकलत असतात. समुद्र दिसायच्या बराच आधी त्याची घनगंभीर गाज ऐकू येते, मग झाडे हळूहळू ठेंगणी होऊ लागतात, वाऱ्याने पूर्वेकडे विंचरल्यासारखी वाकतात, त्यानंतर वाळू धरून ठेवणारे उंच गवत लागते आणि टेकाडाच्या माथ्यावर पोचले की दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर मोकळा किनारा असतो.

सावली पाण्यापर्यंत येत नाही, हे आधीच सांगायला हवे. तिथे समुद्र एका बाजूला, सावली दुसऱ्या बाजूला आणि मध्ये वाळूचे टेकाड अशी रचना आहे. म्हणून दुपारी सगळे जण पाणी सोडून झाडांखाली परततात. आम्ही तिथेच डबा उघडत असू. माझे आईवडील एका जूनमध्ये आले होते. रात्रीचे पावणेदहा वाजता सूर्य समुद्रात बुडताना पाहून रत्नागिरीत वाढलेले माझे वडील एवढेच म्हणाले, "दिशा तर आपलीच आहे." वडील आता नाहीत. त्या वासाने प्रथम तेच आठवले.

तुमच्यापैकी कोणी त्या किनाऱ्यावर किंवा अटलांटिकच्या तशाच एखाद्या शांत जागी गेले असेल, तर जरूर लिहावे.

पुळण

वडिलांचे ते वाक्य वाचून काही वेळ थांबलो. मी दिवेआगरचा आहे. भावाकडे तुलूझला गेलो असताना 2019 मध्ये आम्ही बिस्कारोसला दोन दिवस राहिलो होतो आणि झाडांतून येणारा वारा ऐकून मला सतत आपले सुरूचे बनच आठवत होते. दोन्हींचा आवाज अगदी सारखा आहे, तरी सुरू म्हणजे पाइन नव्हे. सुरू मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा. त्याच्या ज्या बारीक सळ्यांना आपण पाने समजतो, त्या खरे तर सांध्यासांध्यांच्या काड्या असतात. लहानपणी आम्ही ती काडी एका सांध्यावर हलकेच तोडून पुन्हा जोडत असू आणि तुटलेला सांधा कोणता, ते दुसऱ्याने ओळखायचे, असा खेळ होता. पाइनची सुई तशी उकलत नाही. ती दोन-दोनच्या जोडीने येते आणि सागरी पाइनची सुई चांगली वीतभर लांब असते.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्याकडची सुरूची, नारळाची आणि पोफळीची झाडे रांगाच्या रांगांनी आडवी झाली. तोवर ती सावली तिथे आपोआप आलेली आहे असेच मी धरून चाललो होतो.

दक्षिणवारा

मी तुलूझलाच राहते आणि दर उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर जाते. पुळण यांनी वादळाचा विषय काढला म्हणून सांगते, 24 जानेवारी 2009 च्या क्लाउस वादळाने लांदच्या जंगलाचीही तशीच दशा केली होती. तिन्हीसांज यांनी 2011 मध्ये पाहिले असेल, मैलोन्मैल नुसती मुळासकट उपटलेली खोडे आणि मध्येच हातभर उंचीची नवी रोपे.

एक गोष्ट मात्र कळकळीने लिहायची आहे, कारण हे वाचून कोणीतरी तिकडे जाईल. त्या किनाऱ्याला समांतर असे पाण्याचे लांबट डोह तयार होतात, ज्यांना तिथे बाईन म्हणतात. वरून पाहिले तर लहान मुलांना खेळायला याहून सुरक्षित जागा नाही असे वाटते. पाणी उथळ, शांत आणि बाहेरच्यापेक्षा कोमट असते. पण ओहोटी लागली की डोहातले सगळे पाणी एका अरुंद तोंडातून समुद्राकडे धावते. 2016 मध्ये मी कमरेएवढ्या पाण्यात उभी होते आणि पायाखालची वाळू सरकू लागली. मी पोहून किनाऱ्याकडे येण्याचा प्रयत्न केला, हीच माझी चूक होती. दहा-बारा हात मारूनही मी होते तिथून मागेच जात होते. ज्या जीवरक्षकाने मला बाहेर काढले त्याने नंतर शांतपणे समजावले की ओढीशी झुंजायचे नाही, अंगातली ताकद राखायची, हात वर करून खूण करायची आणि ओढ संपली की तिच्या बाजूने वळून परत यायचे. तेव्हापासून मी निशाणांनी आखलेल्या पट्ट्याबाहेर पाण्यात उतरत नाही, मग तो निर्जन किनारा कितीही सुंदर असो.

शेवंता

आम्ही पुढच्या वर्षी जाणार आहोत. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात आणि वाळूत चालणे त्यांना जमत नाही. त्यांना समुद्र निदान पाहता येईल का?

दक्षिणवारा

नक्की येईल, शेवंताताई. बऱ्याच ठिकाणी टेकाडावरून फळ्यांची वाट घातलेली असते आणि काही किनाऱ्यांवर मोठ्या फुगीर चाकांची खुर्ची मिळते, जिच्यात बसवून माणसाला थेट पाण्यात नेता येते. ठिकाण ठरले की तिथल्या पर्यटन कचेरीत आधी विचारून घ्या. शक्यतो जून किंवा सप्टेंबर निवडा. मार्चच्या सुमारास मात्र पाइनखाली बसू नका. त्या दिवसांत झाडांवरच्या केसाळ अळ्या एकामागोमाग एक रांगेने खाली उतरतात आणि त्यांचे केस अंगाला लागले तर भयंकर खाज सुटते.

अंत्रूज

मी फोंड्याचा. माझा अनुभव पोर्तुगालचा आहे, पण झाड तेच आणि समुद्रही तोच. लैरियाजवळ साँव पेद्रू द मुएल नावाचे एक टुमदार गाव आहे आणि त्याच्या पाठीशी राजाचे पाइनबन आहे. ते बन वाढवण्याचे श्रेय 1279 ते 1325 या काळात राज्य करणाऱ्या दिनिश राजाला दिले जाते. समुद्राकडून उडणारी वाळू शेतांवर येऊ नये हा त्यामागचा हेतू होता. पुढे त्याच बनाचे लाकूड आणि फटी बुजवण्याचे डांबर जहाजबांधणीला गेले. आमच्या गोव्याला येऊन लागलेल्या जहाजांच्या फळ्या अशा बनांतून निघाल्या, हा विचार त्या झाडांखाली उभे असताना माझ्या मनातून जाईना. त्या जहाजांनी आमच्याकडे काय काय आणले आणि काय काय मोडले, हे आम्ही घरोघरी ऐकत आलो आहोत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारभर सावलीत बसलो होतो. पाणी ऑगस्टातही इतके थंड की घोटे बधिर होतात. दुसऱ्यांदा गेलो 2018 मध्ये. त्याआधी ऑक्टोबर 2017 च्या वणव्यात त्या बनाचा 80 टक्क्यांहून अधिक भाग जळाला होता. गाव तसेच होते, किनारा तसाच होता, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या काठ्या उभ्या होत्या आणि पूर्वी जिथून समुद्र मुळीच दिसत नसे तिथून तो सरळ दिसत होता. एका खोडाला हात लावला तर तळवा कोळशाने काळा झाला आणि आतून अजूनही चिकाचा वास येत होता.

निळी शाई

बॉस्टनहून लिहीत आहे. आमच्याकडे केप कॉडवर वेलफ्लीट परिसरात पिच पाइन नावाची बुटकी, पिळवटलेली झाडे आहेत. फ्रान्ससारखी उंच छत्री तिथे नाही, पण बाळ लहान असताना त्याला पाजायला आणि निजवायला तेवढी सावली पुरली. त्या किनाऱ्याची धार दर वर्षी ढासळते. मार्कोनीच्या केंद्रावरून 18 जानेवारी 1903 रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांचा संदेश बिनतारी यंत्रणेने इंग्लंडच्या राजाला गेला, आणि आज त्या केंद्राची बरीचशी जागा समुद्राने घेतलेली आहे. सध्या पाण्यात उतरण्याआधी शार्कचे चित्र असलेले जांभळे निशाण बघावे लागते. मी आता उतरत नाही, झाडाखाली बसते. घरी परतल्यावर मुलांच्या पायांवर गोचिडी नाहीत ना, हे मात्र तपासायलाच हवे.

दक्षिणवारा

अंत्रूज यांचे वाचून जुलै 2022 आठवला. आर्काशोंजवळ ला तेस्त द ब्यूशचे जंगल पेटले होते आणि हजारो हेक्टर क्षेत्र गेले. त्याच्या अगदी लगत पिलाची टेकडी आहे. शंभर मीटरहून उंच, नुसत्या वाळूची. तिच्या माथ्यावर बसले की पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला हिरवे बन, असे मी दहा वेळा तरी पाहिले होते. टेकडी दर वर्षी काही मीटर बनाकडे सरकते. तिच्या पायथ्याशी अर्धी पुरलेली झाडे उभी असतात, काहींचे फक्त शेंडे वर राहिलेले. वणव्यानंतरच्या हिवाळ्यात पुन्हा चढले, तेव्हा पूर्वेकडची बाजू राखेच्या रंगाची होती आणि पिवळी वाळू त्या काळ्या खोडांमध्ये उतरत होती. शेजारी एक वयस्क बाई उभ्या होत्या. आम्ही एकमेकींशी काहीच बोललो नाही आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिलो.

आता उन्हाळ्यात जंगलात सिगारेट ओढणे, चूल पेटवणे सक्त मना आहे आणि धोक्याच्या दिवशी वाटाच बंद करतात. परत पाठवले म्हणून कोणी मन खट्टू करून घेऊ नये.

पुळण

एक विचारायचे आहे. तो चीक काढत कसा असत?

तिन्हीसांज

आमच्या तंबूच्या जागेशेजारी एक आजोबा येत असत, ज्यांनी तरुणपणी हेच काम केले होते. त्यांनी एका जुन्या झाडापाशी नेऊन दाखवले होते. खोडाची साल चार बोटे रुंद पट्टीत सोलायची, खाली जस्ताची पन्हळ ठोकायची आणि तिच्याखाली मातीचे बोळके टांगायचे. आठवड्यागणिक जखम थोडी वर ताजी करायची. बोळके टांगायची युक्ती 1840 च्या दशकात पिएर ह्युग याची. त्याआधी झाडाच्या बुंध्याशी वाळूत खड्डा करून चीक गोळा करत आणि त्यात अर्धी वाळूच येई. त्या झाडाला अडकून राहिलेल्या एका बोळक्यात मी डोकावले, तर आत पावसाचे पाणी, चार सुया आणि एक मेलेला भुंगा होता. बोळक्याच्या काठाला मात्र अजून मधासारखा चिकट थर होता.

ते आजोबाच मला म्हणाले होते की हे जंगल देवाने दिलेले नाही, त्यांच्या पणजोबांनी लावलेले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रेमोंतिये नावाच्या अभियंत्याने फळ्यांच्या कुंपणाने वाळू अडवून तिच्या आडोशाला पाइनचे बी पेरण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. आतली जमीन तेव्हा दलदलीची होती आणि मेंढपाळ उंच काठ्यांवर चढून चालत. 1857 च्या कायद्याने गावांना ती जमीन निचरा करून लागवडीखाली आणावी लागली. मेंढपाळांची चराऊ राने त्यात गेली, हेही आजोबांनी न लपवता सांगितले. वाळू काय करू शकते, ते त्याच किनाऱ्यावरच्या सुलाकला दिसते. तिथले जुने चर्च अठराव्या शतकात वाळूखाली गाडले गेले आणि 1859 पासून ते उकरून काढावे लागले.

अंत्रूज आणि दक्षिणवारा यांचे लिहिणे वाचल्यावर मी कपाटातून कोंतीहून आणलेले बोंड शोधून काढले. वडिलांनी ते खिशात घालून आणले होते. उन्हाळाभर त्याच्या पाकळ्या ताठ उघड्या होत्या. या आठवड्यात इथे पावसाला सुरुवात झाली आणि हवेतल्या ओलाव्याने ते पुन्हा घट्ट मिटले आहे.