धुळे-नंदुरबारमधल्या सहकाऱ्यांना जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळणं) शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

पांझराकाठ
राम राम मंडळी. मी धुळ्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. साक्री, नवापूर आणि धडगाव तालुक्यांत आमची कामं चालतात. सहकारी दहा-बारा. काही डिप्लोमावाले सिव्हिल इंजिनिअर, काही कृषी पदवीधर, आणि दोन जुने कार्यकर्ते. या दोघांना शिवारातला नाला न् नाला पाठ आहे, पण कॉम्प्युटरसमोर बसायला संकोच वाटतो.

मागे पैसे भरून एक क्लास लावला होता. तिथे परदेशातल्या शहरांचा तयार डेटा दिला, कुठलं बटण कुठे ते दाखवलं आणि प्रमाणपत्र हातात ठेवलं. आमच्या गावाचा नकाशा उघडायची वेळ आली तेव्हा कुणालाच काही जमेना. आता सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, शिकवायला कुणाला बोलवावं, आधी काय शिकवावं?

सातपुड्याचा_गडी
प्रश्न चांगला शे ताई. सॉफ्टवेअर क्यूजीआयएसच घ्या. फुकट आहे, त्यामुळे लायसन्सची मुदत संपली म्हणून काम अडत नाही. सगळ्या मशीनवर एकच आवृत्ती टाका, तीही दीर्घ मुदतीची (एलटीआर), म्हणजे जिला जास्त काळ दुरुस्त्या मिळत राहतात. एखाद्या कामात आर्कजीआयएस या विकतच्या सॉफ्टवेअरचीच अट असेल तर तेवढ्यापुरतं एकाला शिकवा. पाया पक्का असला की ते जड जात नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला त्याच्याच कामाचं गाव द्या. गाव नकाशाची स्कॅन प्रत घ्यायची आणि ती उपग्रह चित्रावर बसवायची. त्यासाठी दोन्हीकडे ओळखू येणारे बिंदू निवडताना त्या दोन कार्यकर्त्यांना शेजारी बसवा. तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, जुनी विहीर, रस्त्याचा फाटा, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. बिंदू चारही कोपऱ्यांत पसरलेले हवेत, एका बाजूला गोळा झालेले नकोत. आणि नकाशा बसवायच्या पद्धतींपैकी थिन प्लेट स्प्लाइन हा पर्याय नवख्यांना लगेच देऊ नका. तो नकाशा ताणून सगळे बिंदू बरोबर जागेवर बसवतो, त्यामुळे चूक शून्य दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. साध्या पॉलिनॉमियल पद्धतीत कुठला बिंदू चुकलाय ते आकड्यात दिसतं.

केळीपट्टा_रावेर
वरच्या भाऊंशी सहमत, पण नकाशा बसवण्याआधी अर्धा दिवस निर्देशांक पद्धतीला (जागा आकड्यांत सांगायची रीत) द्या. ९०% गोंधळ तिथेच होतो. आपला सगळा खानदेश यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो, सॉफ्टवेअरमध्ये त्याचा संकेतांक ईपीएसजी ३२६४३. मोबाइलचा जीपीएस जागा ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशाच्या अंशांत देतो. त्यावर area() हे सूत्र लावलं तर उत्तर चौरस अंशांत येतं, त्याचा हेक्टर-आरशी काही संबंध नाही. एकाच शेताचं क्षेत्रफळ दोन्ही पद्धतींत काढायला लावा आणि सातबाऱ्यावरच्या आकड्याशी ताडून बघायला सांगा. व्याख्यानाची गरज उरत नाही. जुन्या टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे) वापरत असाल तर त्यांचा एव्हरेस्ट डेटम, म्हणजे निर्देशांक मोजायचा जुना आधार, हाही समजावून सांगा, नाहीतर नाला सरकून शेजारच्या शेतात दिसतो.

गिरणा_डेटा
मी डेटाचंच काम करतो, म्हणून एक कळकळीचं सांगणं. नकाशा काढायला माणसं लवकर शिकतात, तो सांभाळायला शिकत नाहीत. नकाशाचा डेटा साठवायला शेपफाइल हा फाइलचा प्रकार सोडा, जिओपॅकेज वापरा. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात. देवनागरीत एका अक्षरखुणेला (अक्षर वेगळं, काना-मात्रा वेगळी) तीन बाइट लागतात, म्हणजे ‘गावाचे_नाव’ मधलं ‘गाव’ एवढंच मावतं. ‘गावठाण’चंही तेच! शिवाय चार-पाच फायली एकत्र ठेवाव्या लागतात, व्हॉट्सॲपवर पाठवताना एखादी राहिली की पुढच्याचं काम थांबलं. जिओपॅकेज ही एकच फाइल असते.

गावाचं नाव हाताने टाइप करू देऊ नका. जनगणनेचा गाव संकेतांक ठेवा आणि नाव यादीतून निवडायला लावा. ‘पिंपळनेर’ तीन जणांनी तीन तऱ्हेने लिहिलं की बेरीज चुकते. आणि मूळ प्रत कुणाकडे, बदल कोण करणार, हे प्रशिक्षण संपण्याआधी ठरवा. त्यासाठी एक माणूस नेमाच.

पांझराकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. गाव संकेतांकाचा मुद्दा तर आमच्या वर्मावरच बसला. दोन गोष्टी राहिल्या. शिकवायला कोण? आणि धडगावकडे वरच्या पाड्यांवर रेंज नसते, तिथे नोंदी कशा घ्यायच्या?

सातपुड्याचा_गडी
रेंजची काळजी नको. क्यूजीआयएसचे प्रकल्प मोबाइलवर उघडणारं क्यूफील्ड ॲप ऑफलाइन चालतं. प्रकल्प ऑफिसमध्ये तयार करून, पार्श्वभूमीचं चित्र आधीच उतरवून मोबाइलमध्ये टाकायचं आणि परत आल्यावर नोंदी जुळवायच्या. नुसती प्रश्नावली आणि एक बिंदू एवढंच हवं असेल तर कोबो हे मोबाइलवर फॉर्म भरून घेणारं साधन सोपं पडतं. पॉवर बँक मात्र प्रत्येकाकडे हवी, जीपीएस चालू राहिला की बॅटरी झपाट्याने उतरते.

केळीपट्टा_रावेर
शिकवण्याबद्दल: आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये क्यूजीआयएसची मालिका आहे. एका बाजूला व्हिडिओ लावून शेजारी करत जायचं, अशीच ती बनवली आहे. इस्रोच्या डेहराडूनच्या आयआयआरएस या दूरसंवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात, पण तिथे सिद्धांत जास्त, म्हणून ते इंजिनिअर मंडळींना द्या. समोर बसून शिकवायला माणूस हवा असेल तर जळगावच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या भूगोल विभागांत विचारा. पण त्यांना आधीच सांगा की डेटा आमचा असेल.

सलग पाच दिवस बसवू नका. दोन दिवस शिकवा, पंधरा दिवस शिवारात काम करू द्या, मग अडलेलं घेऊन पुन्हा दोन दिवस. खरिपाची पेरणी सुरू व्हायच्या आत पहिली फेरी उरका, नंतर तुमची माणसं गावातून हलणार नाहीत.