गे पोरांसाठी वेगळा एचआयव्ही कार्यक्रम काहून?

बर्डीवाला: नागपुरात मेडिकलला आयसीटीसी (एचआयव्ही तपासणी अन् समुपदेशनाचं सरकारी केंद्र) आहे, मेयो दवाखान्यात आहे. चाचणी फुकट, नाव गुप्त. मग गे आणि बायसेक्शुअल पोरांसाठी संस्थेचे वेगळे कार्यकर्ते, वेगळी शिबिरं काहून? वेगळं काढलं की शिक्का बसतोच. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंधांना कलम ३७७ च्या गुन्ह्यातून मोकळं केलं ना? जावं सरळ दवाखान्यात.

तर्रीपोहे: आणि रांगेत मागे शेजारचे काका उभे असले तर?

रात्रपाळी: अशाच प्रकल्पात मी पाच वर्षं फिल्डवर होतो. एक विशीतला पोरगा तीनदा दवाखान्याच्या गेटवरून परत फिरला. मावशीची ड्यूटी तिथेच! शेवटी आमच्याकडे आला. बोटाला सुई टोचली, थेंब किटवर टाकला. निकाल येईस्तोवर गडी चपलेचा पट्टा काढत-लावत बसला. एकच रेघ आली, म्हणजे लागण दिसली नाही. म्हटलं, मागच्या काही आठवड्यांतली लागण यात दिसेलच असं नाही, तीन महिन्यांनी परत ये. आला, दोस्तालाही घेऊन आला. दोस्ताच्या किटवर दोन रेघा. पक्की तपासणी आयसीटीसीतच होते, तिथे मीच सोबत गेलो. आज त्याच्या गोळ्या सुरू आहेत, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तपासणीत सापडत नाही. तो तसा राहिला तर संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे त्याला दहादा सांगावं लागलं.

जुना_धरमपेठकर: आमच्या टॅक्समधून कंडोम वाटता. त्यापेक्षा संयम शिकवा.

तर्रीपोहे: काका, देशातल्या प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत तीनच्या वर. छत गळतं तिथंच बादली ठेवता ना? अन् यातल्याच कित्येकांना घरचे उद्या बोहल्यावर चढवतात.

बर्डीवाला: आकडा मान्य. पण कार्यकर्ते अजून बागेत अन् स्टेशनमागे शोधून राहिले, पोरं ॲपवर. तिथं कोण आहे?

रात्रपाळी: हे बरोबर पकडलं भाऊ. माझ्या वेळी रजिस्टरात प्रत्यक्ष भेटीच मोजायचे. रात्री दोनला मेसेज यायचा, 'कंडोम फाटला, काय करू?' पीईपीच्या (संबंधानंतर लागण टाळायच्या) गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. त्या चॅटला रकानाच नव्हता.

बर्डीवाला: मग त्याला दवाखान्यातच पाठवलं ना शेवटी?

रात्रपाळी: पाठवलं नाही, घेऊन गेलो. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनं पहिलं विचारलं, 'बाई कोण होती?'