१९८२ ची अँबॅसडर २०११ पासून बंद, मध्ये पुराचं पाणी. इंजिन चालू करायला सुरुवात कुठून करू?

अकोट्याची_लेक

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची. बाबांची १९८२ ची अँबॅसडर मार्क फोर, पेट्रोल, २०११ पासून पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. बाबांचे गुडघे गेले म्हणून थांबली, गाडीत काही बिघाड नव्हता. एकदा तरी तिच्यात बसून सूरसागरला चक्कर मारायची त्यांची फार इच्छा आहे. भाऊ म्हणतो, नवी बॅटरी लावू, ताजं पेट्रोल घालू आणि सेल्फ मारू. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, टो करून सेकंड गियरमध्ये क्लच सोडू. मला दोन्हीची भीती वाटते. आणखी एक: ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शेडमध्ये आलं होतं. भिंतीवरच्या खुणेवरून साधारण अर्ध्या चाकापर्यंत असावं.

रावपुरावाला

प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल सोडा, दोन दिवस थांबा, मग टॉप गियर टाकून गाडी मागेपुढे ढकला. मोकळी होईल. अँबॅसडरचं इंजिन सहजासहजी मरत नाही.

दांडियाबाजारचे_काका

ताई, सेल्फ नको आणि टो तर मुळीच नको. माझं निम्मं आयुष्य याच इंजिनाखाली आडवं पडून गेलंय, म्हणून हात जोडून सांगतो.

रावपुरावाल्यांचं डिझेलचं म्हणणं बरोबर आहे, पण तुमच्या गाडीला आधी पुराचा हिशेब द्यायला हवा. अर्धं चाक ऐकायला कमी वाटतं. पण हे १४८९ सीसीचं जुन्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्यातलं इंजिन, आणि त्याच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतं. क्रँकवर, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्यावर, आटे पाडलेले असतात, ते फिरताना तेल आत ओढतात. गाडी उभी असली की आटे फिरत नाहीत, तिथली फट उघडीच राहते. म्हणूनच या गाड्यांखाली तेलाचा डाग कायम दिसतो. जिथून तेल बाहेर येतं तिथूनच पुराचं पाणी आत जातं.

उद्या एवढंच करा. डिपस्टिक काढा, पांढऱ्या कापडावर पुसा आणि फोटो टाका. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. मात्र इतके महिने शांत उभ्या गाडीत पाणी तळाला बसतं आणि वर स्वच्छ तेल दिसतं, तेव्हा डिपस्टिक चांगली दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याचा, नट अगदी थोडा सैल करा. आधी पाणी टपकतं का तेल, ते बघा.

अकोट्याची_लेक

काका, डिपस्टिकवर काळं तेल होतं, मला वाटलं सुटलो. नट सैल केला तर आधी गढूळ पाणी आलं, जवळजवळ पेलाभर. मग तेल. भाऊ तेव्हापासून गप्प आहे.

दांडियाबाजारचे_काका

भावाला सांगा, सेल्फ मारला नाही हेच मोठं काम झालं. ते पाणी ऑइल पंपाने खेचून थेट बेअरिंगला दिलं असतं.

आता नुसतं तेल बदलून भागणार नाही. आपल्या पुराच्या पाण्यात बारीक गाळ असतो, तो चेंबरच्या तळाला आणि पंपाच्या जाळीवर बसतो. चेंबर उतरवा. पॅकिंगचा सेट आणताना दोन्ही टोकांच्या कॉर्कच्या पट्ट्या त्यात आहेत का बघून घ्या. गियरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेलही काढा, त्यांनाही हवेची भोकं असतात. सेल्फ खोलून सुकवा.

मग सिलिंडर. इंजिन कुठेही थांबलं तरी एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतोच, आणि तेवढे पावसाळे दमट हवा त्याच सिलिंडरमध्ये गेलेली असते. गंज धरला असेल तर तिथे. चारही प्लग काढा, निम्मं डिझेल निम्मं इंजिन ऑइल घाला आणि चार दिवस विसरून जा. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढून हँडल लावा. ढकलण्यापेक्षा हँडल बरं, कारण कुठे अडतंय ते मनगटाला कळतं. अडलं तर जोर लावायचा नाही, उलट फिरवून पुन्हा डिझेल. गंजलेल्या भिंतीवर जबरदस्ती केली की रिंग तुटते, आणि मग सिलिंडर बोअर करण्यावाचून, म्हणजे आतून कातून घेण्यावाचून, इलाज नाही.

फिरायला लागलं की रॉकरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं, झाकण उघडा. पुशरॉड (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या काड्या) आणि व्हॉल्व्ह सगळे वरखाली होतायत ना बघा. एखादा व्हॉल्व्ह चिकटला असेल तर पुशरॉड वाकतो. नवीन २०डब्ल्यू-५० तेल भरा, प्लग न लावता फिरवत राहा आणि रॉकर शाफ्टमधून तेल झिरपताना डोळ्यांनी बघा. ते दिसेपर्यंत पेट्रोलचं नावही काढू नका.

रावपुरावाला

काका, मागच्या सीलचं मला माहीत नव्हतं. पेट्रोलचं काय? टाकीतलं जुनंच चालेल?

दांडियाबाजारचे_काका

जुनं पूर्ण काढा, त्याचा डिंक झालेला असतो. टाकी उतरवून धुवा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुनं रबर खातं आणि टाकीतला साचलेला मळ सोडवून पुढे ढकलतं. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे रबरी पाइप नवे घाला, कार्बोरेटर खोलून साफ करा. पहिल्यांदा चालू करताना टाकी न जोडता बाटलीतून पेट्रोल द्या. सीबी पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणारा संपर्क) फट १५ थाउ, प्लगची २५ थाउ; थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

आणि ताई, इंजिन लागलं तरी लगेच सूरसागर नाही. ब्रेकचे व्हील सिलिंडर पाण्यात होते, चारही चाकांचे ड्रम उघडा. चेंबर उतरला की जाळीचा फोटो नक्की टाका, मी बघतो.