मदत हवी आहे: मामांना चंद्रावर कसं पोहोचवू?

नमस्कार मंडळी. आमचे मामा सदाशिव पेठेतले, निवृत्त, एरवी हिशेबाला पक्के. पण १९६९ ची चांद्रमोहीम स्टुडिओत झाली, यावर ठाम. फॅमिली ग्रुपवर रोज एक व्हिडिओ!

"हवा नाही, मग झेंडा फडकतो कसा?" म्हणाले. मी सांगितलं, वरच्या कडेला आडवी दांडी होती, म्हणून तो पसरलेला दिसतो. लगेच विषय बदलून "फोटोत तारे का नाहीत?" उजेडातल्या जमिनीसाठी एक्स्पोजर कमी ठेवलं की अंधुक तारे उमटत नाहीत, हेही झालं. मग ६ मोहिमांतून आणलेले ३८२ किलो दगड, तिथे ठेवलेले लेझर परावर्तक (पृथ्वीवरून सोडलेला लेझर किरण परत पाठवणारे आरसे), २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने काढलेले उतरण्याच्या जागांचे फोटो. त्यावर उत्तर काय, तर "फोटो काढणारेही त्यांचेच!" आणि वर "तुला नासा पगार देते का?"

प्रत्येक पुरावा कटाचाच भाग ठरत असेल, तर बोलायचं कुठून? "काय दाखवलं तर पटेल?" असं आधीच विचारून घेतलं तर? कुणी करून पाहिलंय? गणपतीत सगळे एकत्र जेवायला बसणार आहोत, मामी आत्तापासूनच धास्तावलीये.