६० लिटर नको, चाकंही नकोत
परदेशात हॉस्टेलात राहत फिरायला ६० लिटरची सॅक घ्यावी की चाकांची बॅग, असा प्रश्न एका ठाणेकराने विचारलाय. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. पहिल्यांदा व्हिएतनामला गेलो तेव्हा ६० लिटरची नेली. जागा आहे म्हटल्यावर भरत गेलो, वरून आईने चकल्यांचा डबा कोंबला (तो मात्र सगळ्यात आधी संपला). आता ४० लिटरची, सुटकेससारखी पूर्ण उघडणारी वापरतो. वर तोंड असलेली सॅक ट्रेकला ठीक. हॉस्टेलात तळातला मोजा काढायला सगळा संसार बाहेर काढावा लागतो.

बऱ्याच स्वस्त विमानांत केबिनला ७ किलोच चालतात, म्हणून रिकामी सॅकच दीड किलोच्या वर असेल तर घेऊ नका. कमरेचा पट्टा मात्र हवाच. जीन्स एकच, तीही अंगावर. पॉवरबँक केबिनमध्येच ठेवायची. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, विमानातल्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेत बसते.

तुम्ही ठाण्यातलेच आहात, तर भरलेली सॅक घेऊन एकदा येऊरच्या डोंगराचा चढ चढून बघा. मी उपवन तलावापासून निघालो होतो. घरी आल्यावर जाड टॉवेल आणि दुसरे बूट मुकाट्याने बाहेर काढले.