डोंगरातल्या घराला विमा नाकारता येऊ नये असा कायदा हवा की नको?

डोंगरवासी:
कॅलिफोर्नियात ऑबर्नच्या वरच्या अंगाला आमचं घर आहे, अकरा वर्षं झाली, एकही क्लेम नाही. मागच्या महिन्यात पत्र आलं, पॉलिसी रिन्यू करणार नाही. ७५ दिवस आधी कळवायचा नियम आहे, तेवढे दिवस मात्र बरोब्बर मोजून कळवलं. कारण काय तर वणव्याचा स्कोअर (घराला आगीचा धोका किती, याचा कंपनीने लावलेला आकडा) वाईट, शिवाय छतावर पालापाचोळा. पुरावा म्हणून वरून काढलेला फोटो, ज्यात आमच्या झोपाळ्यावरची निळी ताडपत्री दिसतेय, जी आम्ही गेल्या वर्षीच टाकून दिली! फोटो कधीचा विचारलं तर एजंट म्हणतो ऑफिसला विचारा, ऑफिस म्हणतं एजंटला.

आता मुद्दा. दोन वर्षांत आम्ही छत क्लास ए, म्हणजे आगीत सगळ्यात जास्त टिकणारं, करून घेतलं, भिंतीपासून पाच फुटांत एक झुडूप ठेवलं नाही, नुसती खडी. माळ्याच्या व्हेंटच्या जुन्या पाव इंची जाळ्या काढून अष्टमांश इंची बसवल्या, नवरा शिडीवर आणि मी खाली जाळी कापतेय, बोटं सोलवटली पार. असं काम केलेल्या घराला प्रीमियममध्ये सूट द्यायलाच हवी असा राज्याचा २०२२ चा नियम आहे. पण पॉलिसी द्यायची की नाही ते कंपनीच्या मर्जीवर! म्हणजे पंगतीला बसू देणार नाही आणि वर सांगणार की जिलबी फुकट आहे. त्या नियमाच्या यादीतलं सगळं काम केलेलं असेल तर विमा नाकारताच येणार नाही असा कायदा हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अल्पमती:
तुमचा राग समजतो, पण सक्ती नको. हा प्रयोग इथे एकदा झालाय. घराच्या विम्यासोबत भूकंपाचा विमा देऊ केलाच पाहिजे असा कायदा ८० च्या दशकात केला, मग १९९४ ला नॉर्थरिजचा भूकंप झाला आणि कंपन्यांनी काय केलं, तर घराचा विमा विकणंच जवळजवळ थांबवलं. १९९६ ला भूकंपासाठी वेगळी संस्था काढावी लागली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. दार बंद करायची सोय असलेल्या माणसाला सक्ती केली की तो दार बंद करतो, साधी गोष्ट आहे.

आणि मूळ दुखणं १९८८ च्या प्रपोझिशन १०३ चं, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या विमा कायद्याचं आहे. दर वाढवायला आधी राज्याच्या विमा कमिशनरची परवानगी, आणि ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाढ मागितली की जाहीर सुनावणीची मागणी होऊ शकते, म्हणून सगळे ६.९ मागत बसले वर्षानुवर्षं. तेवढ्यात २०१७ आणि २०१८ च्या आगी आल्या. भाव धरून ठेवला की माल दुकानातून गायब होतो.

सौ_टक्के:
अल्पमती, म्हणजे कंपन्या बिचाऱ्या? आगी लागायच्या आधी कित्येक वर्षं याच डोंगरातून हप्ते गोळा केले तेव्हा नव्हता वाईट वाटला स्कोअर. स्टेट फार्म या मोठ्या विमा कंपनीने मे २०२३ पासून राज्यात नवीन घरांचा विमा देणं बंद केलं, २०२४ ला साधारण ७२ हजार पॉलिसी सोडायचं जाहीर केलं (त्यात घरं ३० हजार, बाकी अपार्टमेंट वगैरे), आणि २०२५ च्या मे मध्ये १७ टक्क्यांची तातडीची दरवाढ पण मिळाली. रडेल त्याला दूध.

खडूस_आजोबा:
मी जरा वाईट बोलतो. जंगलात घर घ्यायचं, झाडं, शांतता, हरणं अंगणात, फोटो टाकायचे, आणि धोक्याचा खर्च मात्र आम्ही खाली सपाटीवर राहणाऱ्यांनी वाटून घ्यायचा? फेअर प्लॅनने (कुठेच विमा न मिळालेल्यांसाठी विमा कंपन्यांनी मिळून चालवलेली सोय) फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपन्यांकडून १ अब्ज डॉलर मागितले, त्यातला अर्धा भाग कंपन्यांना सगळ्या राज्यातल्या ग्राहकांवर टाकता येतो. म्हणजे माझ्यावर. मी तर वणवा टीव्हीवरच पाहतो.

डोंगरवासी:
आजोबा, सांता रोझा शहरातली कॉफी पार्क वस्ती जंगलात होती का? सपाट जमीन, एकाला एक लागून घरं. २०१७ ला टब्स फायर नावाच्या वणव्याच्या ठिणग्या सहा पदरी हायवे ओलांडून आल्या आणि अख्खी वस्ती गेली. जानेवारी २०२५ ला लॉस एंजलिसजवळच्या अल्टाडीनातही गल्ल्याच्या गल्ल्या गेल्या. ज्वाळा लांब असतात हो, उडत येणारे निखारे घर पेटवतात, म्हणून तर ती जाळी! आणि हरणं माझे गुलाब खातात, शांतता वगैरे काही नाही.

खडूस_आजोबा:
गुलाबाबद्दल सहानुभूती. अब्जाबद्दल नाही.

कौलारू:
भांडण चालू द्या, पण डोंगरवासी, तुमचे ७५ दिवस संपतायत म्हणून कामाचं लिहितो. मी याच चक्रातून तीन वर्षांपूर्वी गेलोय. स्वतंत्र ब्रोकर गाठा, एकाच कंपनीच्या एजंटकडे दुसरं काही विकायला नसतं. कुठेच जमलं नाही तर फेअर प्लॅन. १९६८ पासून आहे आणि नाव सरकारी वाटलं तरी सरकारी नाही, विमा कंपन्यांनी मिळून चालवायची कायद्याने घातलेली सोय आहे. घरासाठी मर्यादा ३० लाख डॉलर. पण त्यात आग, वीज, धूर, आतला स्फोट एवढंच. चोरी नाही, पाइप फुटला तर नाही, पाहुणा जिन्यावरून पडून कोर्टात गेला तर नाही. त्यासाठी डीआयसी नावाची दुसरी पॉलिसी जोडावी लागते. माझा प्रीमियम आधी सगळं मिळून वर्षाला २,१०० डॉलर होता, आता फेअर प्लॅन आणि डीआयसी धरून ७,४००. बायको म्हणते एवढ्यात पोरांना घेऊन दरवर्षी भारतात जाऊन आलो असतो.

एक चूक मी केली ती करू नका, प्रीमियम कमी दिसावा म्हणून घराची रक्कम कमी लावू नका. बाजारभाव बघायचा नाही, घर आज परत बांधायला काय लागेल ते बघायचं. आणि नवीन बिल्डिंग कोडप्रमाणे बांधायचा वाढीव खर्च वेगळा घ्यावा लागतो.

आणि कर्ज असेल तर एक दिवसही खंड पडू देऊ नका. बँक स्वतःच महागडा विमा लावते, हप्त्यात वसूल करते, आणि त्यात तुमच्या सामानाला बहुधा काहीच नसतं.

मेधा_के:
नॉन-अॅडमिटेड, म्हणजे राज्याचा नेहमीचा परवाना नसलेल्या कंपनीचा पर्याय राहिला की. आमचा लॉस गॅटोसच्या डोंगरात तोच आहे, कव्हर फेअर प्लॅनपेक्षा बरं आहे. फक्त अशी कंपनी बुडाली तर राज्याचा गॅरंटी फंड मदतीला येत नाही.

सौ_टक्के:
कंपन्या बुडतात का कुठे

अल्पमती:
बुडतात की. २०१८ च्या कॅम्प फायर वणव्यानंतर मर्सेड प्रॉपर्टी अँड कॅज्युअल्टी नावाची छोटी कंपनी बुडालीच, जळालेल्या पॅरडाइज गावात तिने विमा दिलेली घरं फार. तिथे त्या फंडामुळे लोकांचे क्लेम निघाले. म्हणून म्हणतो, दर खरा लागू द्या. आता कंपन्यांना पुढच्या आगीचा अंदाज बांधणारी मॉडेल्स वापरायला आणि रीइन्शुरन्सचा (विमा कंपनी स्वतःसाठी काढते तो विमा) खर्च दरात धरायला परवानगी मिळालीय, आणि बदल्यात राज्यातल्या त्यांच्या वाट्याच्या ८५ टक्के तरी धोक्याच्या भागात लिहायचं. ही देवाणघेवाण मला सक्तीपेक्षा शहाणपणाची वाटते.

डोंगरवासी:
देवाणघेवाण चांगली, पण त्या ८५ टक्क्यांत कुठलं घर घ्यायचं ते ठरवणार तेच ना? मी जाळी लावली त्याचं काय? शेजाऱ्याने कुंपणाला लावलेली जुनिपरच्या झुडपांची रांग भिंतीपर्यंत आलीय, त्याच्या आणि माझ्या घरात कंपनीला फरकच दिसत नाही कारण ती वरून बघते. दर खरा लागू द्या म्हणता तर माझ्या घराचा खरा लागू द्या की, टेकडीचा कशाला?

अल्पमती:
शेजाऱ्याचं घर पेटलं तर तुमची जाळी किती वेळ टिकणार? घराघरातली आग रेडिएशनने काचा फोडते. टेकडी एकत्रच बघावी लागते, दुर्दैवाने. पण तुमचा अर्धा मुद्दा मान्य, जुनिपरवाला आणि तुम्ही एका दरात असणं चूक आहे. नाकारू नका अशी सक्ती मला तरीही मान्य नाही.

मेधा_के:
डोंगरवासी, २०२२ च्या त्याच नियमात आपला स्कोअर लेखी मागायचा आणि त्यावर अपील करायचा हक्क आहे, केलंत का? तारखेसकट फोटो पाठवा, छत, व्हेंट, पाच फुटांचा पट्टा सगळं. आमचा स्कोअर बदलला नाही पण एका मैत्रिणीचा बदलला.

डोंगरवासी:
धन्यवाद मेधा, स्कोअर मागितलाय. अपीलसाठी फोटो काढायला आत्ता नवरा छतावर चढला तर कालच्या वाऱ्याने सगळ्या पन्हाळीत पाइनच्या सुया परत. गेल्या शनिवारीच झाडलं होतं. तो वरूनच ओरडतोय की ब्लोअर दे, तर जाते.