गळती निवडीपासूनच सुरू होते

‘पोरांत चिकाटी नाही, म्हणून १६-१७व्या वर्षी खेळ सोडतात’ असं कुणीतरी लिहिलंय, ते मला अर्धंच खरं वाटतं. गळती त्याच्या कितीतरी आधी, निवडीच्या दिवशीच सुरू होते. वयोगटाची कट-ऑफ तारीख (ज्या तारखेवरून वय मोजून गट ठरतो ती) १ जानेवारी असली की जानेवारीतलं आणि डिसेंबरातलं पोर एकाच गटात येतं. दहाव्या वर्षी ११ महिन्यांचा फरक म्हणजे उंची, ताकद, समज सगळ्यातच फरक, आणि प्रशिक्षकाला तेच टॅलेंट वाटतं. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये कॅनडातल्या आइस हॉकीत हे दाखवून दिलं: वरच्या स्तरावर वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्यांचाच भरणा. फुटबॉलमध्येही पुढे तेच दिसलं. गंमत म्हणजे निवडलेल्यांना चांगला कोच, जास्त सराव, तगडे सामने मिळतात, त्यामुळे निवड बरोबर होती हे नंतर आपोआप ‘सिद्ध’ही होतं!

नॉर्वेत १३ वर्षांखालच्यांसाठी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच नसतात. तरी २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी १६ सुवर्णपदकं नेली. अर्थात केवळ या नियमामुळे नव्हे, बर्फ आणि पैसा दोन्ही आहे त्यांच्याकडे. पण उशिरा वाढणाऱ्या पोराला तोवर टिकायला वाव तरी मिळतो.